लोक त्याला आपल्यात घेतील का?

"मॅडम, मला एकच विचारायचं आहे. लोक याला आपल्यात घेतील का?"

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. या ताईंनी तो बसायच्या आधीच विचारला. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा सात वर्षांचा. तो थेट खिडकीपाशी गेला आणि खालून चाललेल्या एसटीची पाटी मोठ्याने वाचू लागला, "सातारा–महाबळेश्वर, सातारा–महाबळेश्वर." ताईंनी ओशाळून त्याचा दंड धरला. मी म्हटलं, "राहू द्या हो, बरोबरच वाचतोय."

त्या पहिल्या भेटीत माझं एक चुकलं. मी म्हणाले, "आधी तुम्ही त्याला मनापासून स्वीकारा, मग लोकही स्वीकारतील."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी स्वीकारलंय मॅडम. रात्री दोनला तो उठतो तेव्हा मी उठते. डब्याला तूप-साखरेची पोळीच लागते, ती रोज देते. मी तुम्हाला लोकांचं विचारतेय."

त्यांचं खरं होतं. नकळत मी सगळा भार पुन्हा आईवरच टाकला होता. स्वमग्नतेच्या बाबतीत ही खोड जुनी आहे. एके काळी तज्ज्ञ मंडळीसुद्धा आईच्या 'थंडपणा'ला दोष देत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये ही समजूत खोडून काढली आणि कारण मेंदूच्या घडणीत शोधायला हवं, हे मांडलं. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आपल्याकडे मात्र "वळण लावलं नाही", "मोबाईल हातात दिला म्हणून झालं" हे टोमणे आजही आईलाच ऐकावे लागतात.

मग मी नीट विचारलं, "लोक म्हणजे नक्की कोण?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. गावाकडचं घर. दोन वर्षं ही मंडळी गणपतीला गेलीच नव्हती. शेवटच्या वेळी आरतीला टाळ-झांजा सुरू झाल्या, मुलगा कान दाबून किंचाळला आणि जमिनीवर लोळला. चारचौघांत कुणीतरी म्हणालं, "एक फटका द्या, गप्प बसेल." नवरा मान खाली घालून उभा राहिला. ताईंना सर्वांत जास्त सलत होतं ते हे शेवटचं.

पुढच्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. गाव त्यांचं, माणसं त्यांची. तिथे सुनेपेक्षा मुलाच्या शब्दाला वजन. घरच्यांसाठी चार ओळी लिहायच्या ठरल्या. त्यांनी लिहायला सुरुवात केली, "माफ करा, आमचा मुलगा थोडा..." मी थांबवलं. माफी कशाची? शेवटी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं ते असं: "त्याला आवाजाचा त्रास आपल्यापेक्षा खूप जास्त होतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो. कान झाकले तर झाकू द्या. हाक मारल्यावर लगेच उत्तर येणार नाही, थोडं थांबा. न विचारता उचलून घेऊ नका. एसटीबद्दल विचारा, तो भरभरून बोलेल."

'आमच्या मुलाला समजून घ्या' म्हटलं की समोरचा मान हलवतो. करायचं काय, ते त्याला कळत नाही. 'हाक मारून थांबा' हे मात्र कुणालाही जमतं. माझ्या अनुभवात माणसं वाईट असण्यापेक्षा गोंधळलेली जास्त असतात. सगळीच नाही, हेही खरं. एका काकांनी ग्रुपवर लिहिलं, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." त्यांच्याशी वाद घालायचा नाही, एवढंच आम्ही ठरवलं.

आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात, त्यालाही मी हरकत घेतली नाही. थेरपी चालू आहे ना, मग काढू देत. पण सहा महिन्यांत 'पूर्ण बरा' करण्याची हमी देऊन पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याच्या दारातही जाऊ नका, हे मी स्पष्ट सांगितलं. स्वमग्नता पुसून टाकणारं औषध नाही.

शाळेचं वेगळं. तिथे कुणाच्या मनाचा मोठेपणा मागायचा नसतो. एका शाळेने "पुढच्या वर्षी बघू" म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि सरकारी किंवा सरकारमान्य शाळेला अपंगत्वामुळे भेदभाव करून प्रवेश नाकारता येत नाही. दिव्यांग प्रमाणपत्राने शिक्का बसेल या भीतीने ते यांनी काढलंच नव्हतं. सवलती, योजना त्याच कागदावर मिळतात. तेवढं पटल्यावर वडील स्वतः सिव्हिल हॉस्पिटलला गेले.

या गणपतीत ते गावी गेले. आरतीच्या वेळी मुलगा कानांवर आवाज अडवणारे मफ लावून अंगणात होता. झांजा थांबल्यावर नऊ वर्षांची चुलत बहीण बाहेर आली, त्याला हाक मारली आणि बोटांवर दहा मोजत उभी राहिली. मग दोघांनी मिळून खिरापत वाटली. तिला हे कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. ग्रुपवरचा निरोप आजीला तिनेच वाचून दाखवला होता.

परवा ताईंचा फोन आला. फेब्रुवारीत दिराचं लग्न आहे, वरातीला बँड. मुलगा म्हणतो, मी एसटीनेच येणार. मंगळवारी तिघं येताहेत. कुठल्या गाडीने, किती वाजता आणि बँडपासून किती लांब, ते त्याच्यासमोरच ठरवायचं आहे.