आधी मागण्या वाच

प्रिय मित्रा,

तुझा लेख वाचला. हात चांगला आहे तुझा. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमध्ये पदकमंचावर मुठी उगारून उभ्या असलेल्या स्मिथ आणि कार्लोसच्या त्या फोटोचं वर्णन झकास जमलंय. पण एवढ्या लांबलचक लेखात मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही: त्या दोघांना नेमकं हवं होतं काय? ‘अन्यायाविरुद्ध आवाज उठवला’ एवढं लिहून तू मोकळा झालास. अरे, हे वाक्य कुणाच्याही सत्कार समारंभात खपून जातं.

क्रीडा पत्रकारितेत राहायचं म्हणतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१६ ऑक्टोबर १९६८. अमेरिकेच्या टॉमी स्मिथने २०० मीटरची अंतिम शर्यत १९.८३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन दुसरा, अमेरिकेचाच जॉन कार्लोस तिसरा. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि स्मिथ-कार्लोसच्या मुठी वर गेल्या. सगळे त्या मुठींकडे बघतात, तूही बघितलंस. आता नजर जरा खाली आण. पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. कृष्णवर्णीयांच्या गरिबीची ती खूण. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ आहे, जमावाने ठेचून, फासावर लटकवून मारलेल्या माणसांसाठी. कार्लोस आपले हातमोजे खेळग्रामातच विसरून आला होता. एकच जोड दोघांत वाटून घ्या, असं सुचवलं नॉर्मनने. म्हणून एकाचा उजवा हात वर दिसतो, दुसऱ्याचा डावा. आणि तिघांच्याही छातीवर एक गोल बिल्ला आहे. तुझ्या लेखात तो बिल्लाच नाही, आणि खरी बातमी तिथे आहे.

तो बिल्ला ‘ऑलिम्पिक प्रोजेक्ट फॉर ह्युमन राइट्स’चा. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या हॅरी एडवर्ड्सने १९६७ मध्ये खेळाडूंना हाताशी धरून ही संघटना उभी केली. त्यांच्या मागण्या अगदी रोखठोक होत्या. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला (आजचा झिम्बाब्वे) ऑलिम्पिकमध्ये घेऊ नका. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीचं काढून घेतलेलं विजेतेपद परत करा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना घरी बसवा. कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमा. आता हे घेऊन पुन्हा फोटो बघ. दक्षिण आफ्रिकेला येऊ द्यायचं समितीने फेब्रुवारीत ठरवलं होतं. आफ्रिकी देशांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं, इतरांनीही दबाव आणला आणि एप्रिलमध्ये निमंत्रण मागे घ्यावं लागलं. म्हणजे मुठी वर जायच्या सहा महिने आधीच एक मागणी पदरात पडली होती. ‘क्षणात उसळलेला संताप’ असे शब्द तू वापरलेस, ते काट.

ब्रंडेज यांनी या दोघांना हाकलण्यासाठी अमेरिकन ऑलिम्पिक समितीवर दबाव आणला. खेळात राजकारण नको, ही सबब. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हेच गृहस्थ अमेरिकन समितीचे प्रमुख होते आणि तिथल्या नाझी सलामांचं त्यांना काही वाटलं नव्हतं. हे वाक्य तुझ्या लेखात आलंच पाहिजे. दोघांना संघातून निलंबित करून खेळग्रामाबाहेर काढलं. पदकं मात्र काढून घेतली नाहीत. तू लिहिलंयस ते चूक आहे, जरी सगळीकडे तसंच सापडत असलं तरी.

नॉर्मनवर स्वतंत्र परिच्छेद लिही. त्याच्याकडे बिल्ला नव्हता, तो त्याने एका गोऱ्या अमेरिकन नौकानयनपटूकडून, पॉल हॉफमनकडून मागून लावला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला त्याला नेलं नाही. ते शिक्षा म्हणून की आणखी कशामुळे, यावर ऑस्ट्रेलियात दोन तट आहेत, तेव्हा ठोकून देऊ नकोस. सॅन होजेला २००५ मध्ये या प्रसंगाचा पुतळा उभा राहिला. त्यात दुसऱ्या क्रमांकाची पायरी नॉर्मनच्याच इच्छेवरून रिकामी ठेवलीय, येणाऱ्याने तिथे उभं राहावं म्हणून. २००६ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस दोघंही ऑस्ट्रेलियाला गेले होते.

आता अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी तो आधी नुसता बाकावर बसून राहिला. पहिले दोन सामने कुणाचं लक्षही गेलं नाही. तिसऱ्या वेळी बोभाटा झाला, तेव्हा त्याने कारण स्वच्छ सांगितलं: पोलिसांच्या हातून मरणारे कृष्णवर्णीय आणि त्याबद्दल कुणालाच न होणारी शिक्षा. मग नेट बॉयर या माजी सैनिकाशी तो बोलला. बसण्यापेक्षा गुडघा टेक, असा सल्ला बॉयरचा. शहीद साथीदाराच्या थडग्यापुढे सैनिक गुडघा टेकतात. १ सप्टेंबरला त्याने संघातल्या एरिक रीडसोबत तसं केलं. इतका विचार करून निवडलेली ती कृती, पण पुढे चर्चा कशाची झाली? झेंड्याची, सैनिकांची, देशभक्तीची. पोलीस राहिले बाजूला. २०१८ मध्ये संघमालकांनी उभं राहण्याचा नियमसुद्धा करून टाकला, जो लगेच बासनात गेला. कॅपर्निकला २०१७ पासून एकाही संघाने घेतलं नाही. विरोध करणारे जाणूनबुजून विषय फिरवतात. आपण नुसत्या गुडघ्यावर लिहिलं, तर त्यांचंच काम फुकटात करतो.

उलट बाजूही बघ. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपल्या क्रिकेट संघाने गुडघा टेकला. कुणाकडे काय मागितलं? काहीच नाही. मला तरी तो शिष्टाचारच वाटला, दुसऱ्याच्या लग्नात आहेर देतात तसा.

दलित क्रिकेटपटू बाळू पळवणकरांचा उल्लेख केलास, ते आवडलं. १९२० मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघातून बाहेर पडले. मागणी कुणालाही कळेल अशी होती. तीन वर्षांनी विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. फक्त तू जात आणि वर्ण एकाच वाक्यात कोंबलेस, ते सोडव. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पळवणकरांवर वेगळा लेख लिही, मी वाचीन.

शेवटचा ‘खेळ आणि राजकारण वेगळे ठेवावेत का?’ हा परिच्छेद अख्खा उडव. त्या जागेत मागण्यांची यादी बसेल, आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं तेही. अलीच्या विजेतेपदापासून सुरुवात कर. ते त्याला समितीने किंवा संघटनेने परत दिलं नाही, १९७४ मध्ये त्याने रिंगणात उतरून मिळवलं. पुढच्या आठवड्यात दुसरा खर्डा पाठव.

तुझा,
सर