ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जातोयस? मग मॅग्नेटोमीटर वाचायला शीक

नुसत्या केपी आकड्यावर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणाऱ्या निर्देशांकावर, विसंबू नकोस. तो तीन तासांचा, सगळ्या पृथ्वीचा हिशोब असतो. तुझ्या डोक्यावर आत्ता काय चाललंय ते त्यातून कळत नाही. ट्रॉम्सोच्याच मॅग्नेटोमीटरचा (चुंबकीय क्षेत्रातले बदल मोजणाऱ्या उपकरणाचा) आलेख मोबाइलवर उघडा ठेव.

एक गोष्ट मनात पक्की कर: मॅग्नेटोमीटरला जाणवतो तो वरचा विद्युतप्रवाह, पण तो स्वतः चमकत नाही. वरून वेगाने येणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला धडकतात, तेव्हा ५५७.७ नॅनोमीटरचा तो हिरवा प्रकाश निघतो. तेच इलेक्ट्रॉन तिथली हवा आयनित (विद्युतभारित) करतात, तिची वाहकता वाढते आणि साधारण १०० ते १२० किलोमीटर उंचीवर लाखो अँपिअरचा आडवा प्रवाह वाहतो. या आडव्या प्रवाहाला जोडलेले प्रवाह अवकाशातून चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात, असं नॉर्वेच्याच क्रिस्तियान बिर्केलांड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं होतं. ते सर्वांना पटायला उपग्रह यावे लागले, याचं मला फार वाईट वाटतं.

आलेखात चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक काही मिनिटांत दोन-तीनशे नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळला, तर पश्चिमेकडे जाणारा प्रवाह जवळच जोर धरतोय असं समज आणि लगेच बाहेर पड. मध्यरात्रीच्या आसपास हे जास्त दिसतं. ढगांचा अंदाज मात्र वेगळा बघ, तो या आलेखात नसतो.