राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग: चाकरमान्यांनी बदललेला मतदारसंघ

नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापूरमधून निवडून यायचे तोच आजचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग का, आणि समाजवाद्यांचा हा गड शिवसेनेकडे गेला कसा, असे दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचं उत्तर ‘अर्धा’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागेल. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईला जातो.

आधी हद्दीचं बघू. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वीचा राजापूर म्हणजे मुख्यतः आजचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि वरचा राजापूर-लांज्याचा पट्टा. सहा विधानसभा मतदारसंघांपैकी देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी हे चार सिंधुदुर्गातले होते. रत्नागिरी नावाचा लोकसभा मतदारसंघ वेगळा होता. 2001 च्या जनगणनेवर नव्या सीमा ठरल्या, तेव्हा हे दोन्ही मोडले. आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात रत्नागिरी जिल्ह्यातले चिपळूण, रत्नागिरी, राजापूर आणि सिंधुदुर्गातले कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे तीन-तीन आहेत. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले, तर रायगडचे पनवेल, उरण, कर्जत उचलून थेट पिंपरी-चिंचवडच्या जोडीला मावळमध्ये टाकले.

असं का झालं? राज्याच्या जागा 48 च राहिल्या, पण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या दोनाच्या चार झाल्या: पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. त्या जागा कुठून तरी कमी व्हायलाच हव्या होत्या. कोकणात घरं आहेत, पण जनगणनेच्या वेळी घरातला कर्ता माणूस डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला असतो आणि तो तिथेच मोजला जातो. गणपतीला गाव गच्च भरतं, पण त्या गर्दीवर जागा मिळत नाहीत. सिंधुदुर्गाच्या आमदारकीच्या जागाही चारावरून तीनवर आल्या त्या यामुळेच. मला हे आजही सलतं.

आता राजकारण. बॅ. नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या भरात ते 1957 मध्ये प्रजासमाजवादी पक्षाकडून निवडून आले, नंतर 1962 आणि 1967 मध्येही. जानेवारी 1971 मध्ये ते गेले आणि लगेच निवडणूक लागली. तिथे उभे राहिले दंडवते, मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. बाहेरचा माणूस, पण राजापूरने त्यांना 1971 ते 1989 सलग पाच वेळा निवडून दिलं. त्यात 1971 ची आणि 1984 ची अशा दोन मोठ्या काँग्रेस लाटा होत्या, हे विसरू नका. 1977 मध्ये ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम आला. रात्रभर त्या फळीवर अंग टाकलेल्यांनाच त्या दोन इंचांची किंमत कळेल. कोकण रेल्वेचा पाठपुरावा तर त्यांनी आयुष्यभर केला. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला, तोवर त्यांची खासदारकी जाऊन सात वर्षं झाली होती.

1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले आणि 1996 पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. इथे पुन्हा मुंबई आली. लालबाग-परळच्या चाळींत आणि गावकऱ्यांच्या मंडळांत वाढलेली शिवसेना चाकरमान्यांच्या हातूनच गावात पोचली. मनीऑर्डर पाठवणारा मुलगा जे सांगेल त्याला घरात वजन असायचं. समाजवाद्यांकडे मोठी माणसं होती, पण वाडीवाडीत शाखा नव्हती. गड पडला तो मुख्यतः यामुळे, विचार अचानक बदलले म्हणून नव्हे.

2005 मध्ये नारायण राणे सेनेबाहेर पडले आणि तिथून सामना बदलला. 2009 च्या पहिल्याच रत्नागिरी-सिंधुदुर्ग निवडणुकीत काँग्रेसचे निलेश राणे यांनी प्रभूंना हरवलं. 2014 आणि 2019 मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत यांनी निलेश राणेंना दीड लाखाहून जास्त मतांनी हरवलं. 2024 मध्ये भाजपचे नारायण राणे ठाकरे गटाच्या राऊतांविरुद्ध सुमारे 48 हजारांनी जिंकले.

या शेवटच्या निकालात विधानसभावार आकडे जरूर बघा. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे होते, तर कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत राणे. म्हणजे सीमा जोडून सोळा वर्षं झाली तरी मतदान दोन जिल्ह्यांसारखंच झालं. राजापूर तालुक्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाच्या आणि नाणार रिफायनरीच्या वादांचा राजापूरच्या आघाडीत वाटा असावा, हा माझा अंदाज.

जुन्या राजापूरची टक्केवारी आजच्या मतदारसंघाशेजारी ठेवून ‘समाजवाद्यांची मतं कुठे गेली’ असा तक्ता करू नका. चिपळूण-रत्नागिरीचा मतदार तेव्हा त्या यादीतच नव्हता. आणि पुढची पुनर्रचना 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. तोवर कोकणातली माणसं कोकणात थांबली नाहीत, तर दापोली-गुहागरसारखे आणखी तालुके कुठल्या तरी तिसऱ्या मतदारसंघाला जोडलेले दिसतील.