वाचकांचे प्रश्न : झिरो माईल ते बर्डी

प्रश्न : ‘झिरो माईल फ्रीडम पार्क’ या मेट्रो स्टेशनचं नाव ज्या खांबावरून पडलं, तो भारताचा मध्यबिंदू दाखवतो का? मुलांना तो दाखवायचा आहे, काय पाहायचं? (वाचक, मानेवाडा)

उत्तर : मध्यबिंदूची समजूत नागपुरात घट्ट रुजलेली असली, तरी आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशात, कटनी जिल्ह्यातल्या करौंदीजवळ मानतात. आपल्या खांबाचं मोल वेगळं आहे आणि ते मुलांना जरूर सांगा.

वालुकाश्माच्या उंच खांबाशेजारी एक लहान दगड आहे. तो ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा (इंग्रजांच्या काळातली भारताची मोजणी), 1907 सालचा बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण. मोठ्या खांबाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर. हा आकडा अनेकजण मैलातलं अंतर समजतात, तिथेच घोटाळा होतो. दशांशानंतरचे तीन आकडे उगाच नाहीत. रेल्वे किंवा कालवा आखताना नव्या जागेची उंची अशा खुणेपासून मोजत नेतात. सुरुवातीलाच चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक मापात उतरते.

‘झिरो माईल’ म्हणजे अंतर मोजायची सुरुवात. खांबावर शहरांची अंतरं मैलांत आहेत: हैदराबाद 318, जबलपूर 170, चांदा 125, शिवनी 79. किलोमीटरसाठी 1.6 ने गुणा. चांदा म्हणजे चंद्रपूर. त्याचे 200 किलोमीटर होतात, आज मात्र एवढं अंतर कापावं लागत नाही. ती मापं जुन्या रस्त्यांची आहेत. मुलांकडून दोन-तीन शहरांचा हिशोब करून घ्या आणि नकाशाशी ताडून बघा. खांबाजवळचे चार घोड्यांचे पुतळे मागाहून बसवलेले आहेत, मापाशी त्यांचा संबंध नाही.

जाताना बर्डीहून (सीताबर्डी स्टेशनवरून) ऑरेंज लाईनवर ऑटोमोटिव्ह चौकाकडची गाडी घ्या, पुढचंच स्टेशन. खापरीकडच्या फलाटावर उभे राहिलात तर उलट दिशेला जाल. खांब विधानभवनाच्या आग्नेयेला आहे. नावातला फ्रीडम पार्क स्टेशनलगतच आहे. दोन्ही ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झाले.

प्रश्न : सीताबर्डी नावाचा सीतेशी संबंध आहे का? (वाचक, गोधनी)

उत्तर : नाही. रूढ माहितीनुसार शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या गवळी बंधूंवरून ‘शितलाबद्री’, त्याचं पुढे सीताबर्डी झालं. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांशी लढलं. किल्ला लष्कराकडे आहे, म्हणून एरवी आत सोडत नाहीत. तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. स्टेशनवर ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लाईन मिळतात.

प्रश्न : आणि नागपुरातल्या चितार ओळीचं नाव कशावरून? (तेच वाचक)

उत्तर : चिताऱ्यांची ओळ. गणपतीच्या मूर्ती घडवणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे आजही आहेत. पोळ्यानंतर गेलात, तर रंगकाम जोरात चाललेलं दिसेल.