उजनीवर शिकलेल्यांनी खांदेरीला कसं जायचं

चौघंजण, शिडाच्या दोन लहान होड्या, उजनी धरणावर दोन वर्षांचा सराव आणि आता डिसेंबरात अलिबागजवळच्या थळहून समुद्रातल्या खांदेरी-उंदेरी या किल्ल्यांच्या बेटांवर. एवढं अंतर होडीला झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. झेपेल. थळहून खांदेरी पाचेक किलोमीटर, उंदेरी त्याहून जवळ. उजनीत एका दिवसात तुम्ही याहून जास्त फिरला असाल. पण उजनीचं पाणी उतरायला उन्हाळा लागतो, समुद्राचं दिवसातून दोनदा उतरतं. तेव्हा तारीख रविवार बघून ठरवू नका, पंचांग काढा.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाण्याला ओढ सगळ्यांत कमी. तुम्ही अष्टमी धरा. सकाळी सहाला भरती असल्याने चिखलातून होड्या ओढाव्या लागत नाहीत. ओहोटी बाहेर नेते, बाराच्या सुमारास पाणी तळाला जातं, खडक उघडे दिसतात, आणि दुपारची भरती घरी आणते.

वाऱ्याचंही तसंच. शाळेत पाठ केलेले खारे आणि मतलई वारे आठवतात ना? हिवाळ्यात सकाळचा मतलई जमिनीकडून येतो, म्हणजे जाताना पाठीशी. दहा-अकराला तो पडतो, शिडं लोंबतात, म्हणून वल्ही हवीतच. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो येताना पाठीशी. तीन-चारनंतर मात्र त्याला जोर चढतो. दीडला बेट सोडायचं, फोटो राहिले तरी.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाही. आमच्या पहिल्या खेपेला रविवार सोयीचा म्हणून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पाऊणला भरती, आणि आम्ही परतायला निघालो अडीचला. पाणी बाहेर ओढतंय, वारा आत ढकलतोय, दोघांच्या भांडणात लाटा नुसत्या उभ्या राहिलेल्या. उंदेरीचा तट तासभर जागचा हलेना. शेवटी एका मासेमारी होडीने ओढून आणलं. नाखव्याने पैसे घेतले नाहीत, पण जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन होड्यांत जी हळू, ती पुढे. तिच्या आवाजाच्या टप्प्यात दुसरी. गळ्यात शिट्टी, फोन पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. जाळ्यांच्या बोयांमधून, म्हणजे तरंगत्या खुणांमधून, घुसू नका, सुकाणू अडकतं. खांदेरीच्या पश्चिमेला जाऊच नका, तिकडून मुंबई बंदराची मोठी जहाजं जातात. बंदर कार्यालय आणि सागरी पोलिसांना आधी कळवा, बेटावर उतरायची परवानगीही तिथेच विचारा. उंदेरीला चौफेर खडक आहेत, माझ्या मते ती होडीतूनच बघावी. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, इंग्रज-सिद्दी आडवे आले, आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावली. दोन बेटांमधल्या पाण्यात उभं राहिलं की सिद्दीला तीच का हवी होती ते लगेच कळतं.

जाण्याआधी उजनीत एक दिवस मुद्दाम होडी उलटवा आणि अंगावर लाइफ जॅकेट ठेवून चौघांनी ती सरळ करा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटून सहा जण गेले, ते आपल्याच पाण्यात. ‘धरण आहे, समुद्र थोडाच’ असं म्हणणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

ट्रेलर घेऊन सोलापूरहून पुण्यापर्यंतच अडीचशे किलोमीटर, पुढे घाट. आदल्या दिवशी दुपारीच पोचा, थळच्या कोळीवाड्यात चहा घ्या आणि तुमचा बेत एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, सांगा. तो मान हलवून नको म्हणाला तर अलिबागला मासे खाऊन परत या. खायला कडक भाकरी न्या, दमट हवेत मऊ पडते पण खराब होत नाही. शेंगाचटणी बेतानेच, तहान लागते. पाणी माणशी चार लिटर धरा.