कोयना एवढी जवळ, मग लाईट यायला इतका वेळ का?

तुम्ही विचारलंत, की उद्या अख्खं ग्रिड बसलं तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचं पाणी सोडून कोथरूडला अर्ध्या तासात लाईट का देता येणार नाही. माझी बरीच वर्षं पुण्याभोवतीच्या सबस्टेशनांत शिफ्ट ड्युटीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कोयनेसारख्या ठिकाणाहूनच होते, हे तुमचं बरोबर. जलविद्युत संच सुरू करायला लागणारी वीज अगदी थोडी, ती डिझेल जनरेटरवर भागते. औष्णिक केंद्राचं तसं नाही. पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या फिरवायलाच त्याला स्वतःच्या उत्पादनाच्या सहा-आठ टक्के वीज लागते. म्हणून पहिली वीज कोथरूडला न येता तिकडे जाते, कारण बॉयलर एकदा गार पडला की पुढे कित्येक तास जातात. शिवाय लांबची रिकामी लाईन चार्ज केली की पलीकडच्या टोकाला व्होल्टेज चढतं, त्यामुळे एकेक लाईन बघून बघूनच घ्यावी लागते.

खरी कसोटी फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं (५० हर्ट्झ), सांभाळण्याची. देशभरचं ग्रिड जोडलेलं असतं तेव्हा एखादा फीडर, म्हणजे एखाद्या भागाला वीज नेणारी लाईन, आत-बाहेर झाला तर फ्रिक्वेन्सीचा काटा हलतही नाही. बाकी ग्रिडपासून तुटून स्वतंत्र चालणाऱ्या दोन-तीन संचांच्या छोट्या बेटावर तोच फीडर घातला की फ्रिक्वेन्सी धाडकन खाली येते, संच ट्रिप होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चालू संचांच्या क्षमतेच्या साधारण पाच टक्क्यांएवढाच लोड एका वेळी घेतात. त्यातही ५० धरून ठेवायचं काम एकाच केंद्राला देतात, बाकीच्यांनी सांगितल्याप्रमाणे लोड उचलायचा. दोघांचेही गव्हर्नर, म्हणजे संचाचा वेग सांभाळणारी यंत्रणा, ५० च्या मागे लागले तर एक वाढवतो, दुसरा कमी करतो, आणि काटा झुलत राहतो. कोण धरणार, कोण उचलणार, हे लोड डिस्पॅच सेंटर, म्हणजे ग्रिडचं नियंत्रण केंद्र, ठरवतं. फोनवर आलेला आदेश आम्ही पुन्हा म्हणून दाखवायचो, मगच ब्रेकरला हात.

दोन बेटं जोडायचा क्षण मला अजून दिसतो. सबस्टेशनचा नेहमीचा वीजपुरवठा गेलेला, बॅटरीवरचा एकच दिवा, दोन्ही बाजूंची वीज एका तालात आहे का हे दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरतोय. व्होल्टेज जुळलं, फ्रिक्वेन्सी जुळली. काटा बाराला टेकायच्या किंचित आधी ब्रेकर दाबायचा. उलट्या बाजूला असताना दाबला तर जनरेटरच्या शाफ्टला असा हिसका बसतो, की दुरुस्तीला महिने जातील.

शेजार जिवंत असेल तर काम खूप सोपं. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभाग कोसळले, जवळजवळ ६० कोटी लोक अंधारात गेले. आपला पश्चिम विभाग उभा होता, तिथूनही सुरुवातीची वीज देता आली. उत्तर विभाग रात्री साडेनऊपर्यंत पूर्ववत झाला. एवढ्या पसाऱ्याला हा वेळ कमीच म्हणायचा.

आता तुमच्या हातातलं. तास-दोन तास लाईट नसली की सगळे फ्रिज, एसी, पाण्याचे पंप लाईट येताक्षणी एकदम ओढतात. नेहमी जेवढा लोड असतो त्याच्या दुप्पटही होतो, आणि नुकताच घेतलेला फीडर पुन्हा जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून लाईट गेली की एसी-गीझर बंद करा, एक बल्ब तेवढा चालू ठेवा. तो लागल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग सोसायटीचा पंप लावा.