कला आणि करिअर : हातोडा पडण्याआधीचं काम

प्रश्न : मी कोल्हापूरला बीएफए केलंय. समकालीन चित्रांच्या लिलावगृहात काम करायचंय. परदेशी पदवी लागेलच का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोल्हापूर

परदेशी पदवी असली तर उपयोगी, नसली म्हणून दार बंद होत नाही. कलेतिहासाचा पाया मात्र पक्का हवा. त्यासाठी बडोद्याच्या एम. एस. विद्यापीठाचा कलेतिहास विभाग आजही भक्कम पर्याय आहे. सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तगुरू ही तिन्ही लिलावगृहं मुंबईतलीच, तेव्हा राहायची तयारी मुंबईत ठेवा. आणखी एक : आपल्याकडच्या लिलावांत मोठा पैसा आधुनिकांवर, म्हणजे गायतोंडे, हुसेन, रझा, तय्यब मेहता यांच्यावर लागतो. हयात चित्रकारांची नवी कामं बहुतेक गॅलऱ्यांतून विकली जातात. 2008च्या मंदीनंतर समकालीनांच्या लिलावातल्या किमती कोसळल्या होत्या, तो काळ जरूर अभ्यासा. ‘फक्त समकालीन’ असा हट्ट धरलात तर जागा फार थोड्या सापडतील.

नवख्याला पहिलं काम मिळतं ते कॅटलॉगिंगचं, म्हणजे लिलावाच्या यादीतल्या नोंदी तयार करण्याचं. नोंदीत चित्रकार, शीर्षक, साल, माध्यम, आकार, सही कुठे आहे, आजवरची मालकी, प्रदर्शनं आणि छापील उल्लेख येतात. आकारात आधी उंची, मग रुंदी : 60 x 40 इंच, म्हणजे 152.4 x 101.6 सेंमी. हे उलटं छापलं गेलं तर उभं चित्र कागदावर आडवं होतं आणि गिऱ्हाईक भिंत चुकीची मोजून बसतं. मोजमाप फ्रेम सोडून घ्यायचं. कागदावरचं काम माउंटमधून (भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून) बाहेर काढता येत नसेल, तर ‘दिसणारा भाग’ असं स्पष्ट लिहायचं.

मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद. चित्राचा चेहरा बघण्याआधी पाठ बघा : लाकडी चौकट मूळची की बदललेली, गॅलऱ्यांची लेबलं, शिक्के, कॅनव्हासला मागून दुसरं कापड चिकटवलंय का. गायतोंडेंच्या काही कॅनव्हासांच्या पाठीवर देवनागरीतही सही असते; मराठी मुलांना इथे आयताच फायदा. त्यानंतर टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून तिरपा प्रकाश टाका. उचललेला रंग आणि भेगा लगेच सावली टाकतात. शेवटी अंधाऱ्या खोलीत यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च. जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर केलेली रंगाची डागडुजी काळपट ठिपक्यांसारखी दिसते. वॉर्निश नसलेल्या अ‍ॅक्रिलिकवर या टॉर्चचा भरवसा धरू नका. कागदावर तांबूस डाग आणि काचेआडची बुरशी शोधा. मुंबईच्या पावसाळ्यात ती हमखास होते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मालकीच्या साखळीत. ‘आजोबांना चित्रकारानं भेट दिलं’ एवढं पुरत नाही. पावती, जुना फोटो, प्रदर्शनाची यादी, पत्रव्यवहार, काहीतरी कागद लागतो. नकली चित्रासोबत नकली पत्रही येतं, म्हणून कागदाचीसुद्धा तपासणी होते. पत्रावरची तारीख आणि लेटरहेडवरचा पत्ता जुळतात का, एवढं पाहिलं तरी बरंच उघडं पडतं.

अर्ज करण्याआधी घरबसल्या करण्याजोगी एक गोष्ट : एकच चित्रकार निवडा आणि लिलावगृहांच्या संकेतस्थळांवरच्या जुन्या निकालांतून त्याच्या 40 लॉटचा (लॉट म्हणजे लिलावात एका क्रमांकाखाली विकली जाणारी वस्तू) तक्ता करा. साल, माध्यम, आकार, अंदाज (लिलावाआधी छापलेली अपेक्षित किंमत), निकाल (विक्रीची किंमत). यात एक खाच आहे. छापील अंदाजात बायर्स प्रीमियम (बोलीच्या रकमेवर लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क) धरलेला नसतो, जाहीर निकालात बहुधा असतो. अंदाज 11 ते 15 लाख, हातोडा पडला (म्हणजे शेवटची बोली लागली) 10 लाखांवर आणि प्रीमियम 20 टक्के असला, तर निकाल 12 लाख दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं अंदाज गाठला. खरं तर बोली त्याच्या खालीच थांबली. मुलाखतीला असा एक नेटका तक्ता घेऊन जा. चित्रांबद्दलच्या जिव्हाळ्यावर लिहिलेल्या दोन पानी निबंधापेक्षा तो जड पडेल.

प्रश्न : माझं बी.कॉम. झालंय, चित्रकला येत नाही. या धंद्यात मला काही वाव आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

आहे. बोली नोंदणी, केवायसी, बिलं, वसुली, विमा, पॅकिंग, वाहतूक, या सगळ्याला तुमच्यासारखीच माणसं लागतात. फोनवरून बोली लावणाऱ्या गिऱ्हाइकाला लॉट येण्याआधी दोन-तीन लॉट असतानाच फोन लावायचा असतो. रक्कम स्वतःहून वाढवायची नाही. प्रत्येक टप्प्याला ‘पुढे जायचं?’ विचारून स्पष्ट होकार घ्यायचा. गुजराती, हिंदी, इंग्रजी तिन्हींत आकडे न अडखळता सांगता आले पाहिजेत.

प्रश्न : कायदा कितपत यावा लागतो?
– एक वाचक, पणजी

1972चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा तोंडपाठ हवा. शंभर वर्षांहून जुनी चित्रं-शिल्पं पुरावस्तू ठरतात. त्याशिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिख यांची भारतातली कामं कलानिधी मानली जातात. देशात विकता येतात, बाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे अशा लॉटखाली ‘निर्यात करता येणार नाही’ ही ओळ छापायलाच लागते. शेरगिलचं 1937चं चित्र 2023मध्ये मुंबईच्या सॅफ्रनआर्टनं 61.8 कोटींना विकलं, तेही याच अटीत. ती ओळ छापायची राहून गेली आणि परदेशी पत्त्याच्या माणसानं बोली जिंकली, तर पैसे परत करायची वेळ येते.